फळगंधी काळा चहा
फळगंधी काळा चहा म्हणजे ज्याच्या सुगंधात एखाद्या फळाची आठवण करून देणारी छटा असते असा काळा चहा होय. ही छटा पानांत निसर्गतः निर्माण झालेली असू शकते किंवा फळाचा रस, साल, तेल अथवा कृत्रिम स्वादद्रव्य वापरून बाहेरून दिलेली असू शकते. पहिल्या प्रकारात दार्जिलिंगचा 'मस्कटेल' चहा, तर दुसऱ्या प्रकारात बर्गामॉटयुक्त अर्ल ग्रे आणि चीनमधील ग्वांगडोंग प्रांताचा लिची चहा प्रसिद्ध आहेत. हा चहा सहसा दुधाविना, म्हणजे मराठीत ज्याला 'कोरा चहा' म्हणतात त्या स्वरूपात पितात.

सुगंधाचे मूळ
काळा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या वनस्पतीच्या पानांपासून बनतो. खुडलेली पाने कोमेजवणे, वळणे, हवेत ऑक्सिडीभवन होऊ देणे व वाळवणे हे त्याच्या निर्मितीचे मुख्य टप्पे आहेत. या प्रक्रियेत लिनालूल आणि जिरॅनिऑल यांसारखी बाष्पनशील संयुगे मोकळी होतात. हीच संयुगे मस्कट द्राक्षे व लिची या फळांतही असतात. चहात फळ नसतानाही फळाचा भास होतो तो यामुळे.

दार्जिलिंगमध्ये मे अखेर ते जून या काळातील दुसऱ्या खुडणीच्या वेळी तुडतुडे व फुलकिडे कोवळ्या पानांतील रस शोषतात. त्याला प्रतिसाद म्हणून झाड जी सुगंधी संयुगे तयार करते, त्यांतून पिकलेल्या द्राक्षांसारखा मस्कटेल गंध येतो. तैवानमधील 'ओरिएंटल ब्यूटी' या ऊलाँग चहाचा मधुर गंधही अशाच कीटकदंशातून उद्भवतो.

भेसळ व नियमन
बाहेरून दिलेला गंध हलक्या प्रतीची पत्ती झाकण्यासाठीही वापरला गेला आहे. साध्या चहात बर्गामॉट मिसळून तो भारी म्हणून खपवल्याचे उल्लेख इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळतात. भारतात स्वादयुक्त चहाच्या उत्पादकाला चहा मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि वेष्टनावर तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हा मान मिळवणारे ते भारतातील पहिले उत्पादन ठरले. तथापि भौगोलिक निर्देशांक उगमस्थानाची हमी देतो, मस्कटेल गंधाची नव्हे. तो गंध खुडणीचा हंगाम, हवामान व प्रक्रिया यांवर अवलंबून असतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात
महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणे ठाणे व कल्याण-डोंबिवलीतही रोजचा चहा सीटीसी पद्धतीच्या दाणेदार पत्तीचा, दूध व साखर घालून उकळलेला असतो. फळगंधाची ओळख येथे प्रामुख्याने गवती चहातून होते. भाजीबाजारात आले व पुदिन्यासोबत याच्या जुड्या मिळतात. नावात चहा असला तरी ते सिंबोपोगॉन प्रजातीतील गवत आहे. त्यातील सिट्रल हे संयुग लिंबाच्या सालीतही असल्यामुळे त्याला लिंबासारखा वास येतो. लिंबू पिळलेला कोरा चहाही घरोघरी केला जातो. लिंबाच्या आम्लामुळे त्याचा रंग लगेच फिका होतो.

या भागाला उल्हास, भातसा व बारवी या स्रोतांतून पाणी मिळते. शुद्धीकरणानंतर उरलेल्या क्लोरीनचा वास नाजूक सुगंधाला मारक ठरतो. पाणी काही वेळ उघडे ठेवल्याने किंवा उकळल्याने तो कमी होतो. खाडीलगतच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पत्ती ओलावा व आसपासचे वास चटकन शोषून घेते. म्हणून ती हिंग व मसाल्यांपासून दूर, घट्ट झाकणाच्या अपारदर्शक डब्यात ठेवतात.

कृती
फळगंधी चहा पत्तीसह उकळत ठेवल्यास सुगंध वाफेबरोबर निघून जातो व तुरटपणा वाढतो. त्यामुळे तो झाकून मुरवतात.
१. किटली गरम पाण्याने विसळून घ्यावी.
२. २०० मिलिलिटर पाण्यास सुमारे २ ते २.५ ग्रॅम अखंड पानांची पत्ती घ्यावी.
३. उकळी आल्यावर आच बंद करून पाणी किंचित निवू द्यावे. दार्जिलिंगसाठी ९० ते ९५ अंश सेल्सियस तापमान योग्य मानतात.
४. पाणी पत्तीवर ओतून झाकण ठेवावे व ३ ते ४ मिनिटांनी गाळावे.

चहाच्या व्यावसायिक परीक्षणासाठीच्या आयएसओ ३१०३ या मानकात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम पत्ती व ६ मिनिटे असे प्रमाण आहे. दोष उघड व्हावेत हा त्यामागील हेतू असल्याने तो चहा पिण्यासाठी अधिक कडक ठरतो.

आस्वाद
जाणकार कोरडी पत्ती, भिजलेली पाने व तयार चहा असा तीन वेळा वास घेतात. चव गोड, आंबट, कडू अशा मोजक्या संवेदनांपुरती असते. फळाचा भास घशातून नाकाकडे जाणाऱ्या वाफेमुळे होतो. म्हणून चहा थोडा निवल्यावर, लहान घोट घेऊन व नाकाने श्वास सोडत पिण्याची पद्धत आहे. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील पॉलिफेनॉलांशी बांधले जाऊन तुरटपणा कमी करते, पण सौम्य फळगंधही दुधामुळे झाकला जातो. चहा करण्याच्या कृतीकडेच एकाग्रतेने पाहण्याची परंपरा चीनमधील गोंगफू पद्धत व जपानी चहाविधी यांत विकसित झाली आहे.

हे सुद्धा पाहा
गवती चहा
दार्जिलिंग चहा
अर्ल ग्रे चहा