दार बंद करण्याची वेळ : लिनक्सच्या घडणीतील एक प्रकरण

१/ नोव्हेंबर २००१. लिनक्स कर्नलची २.४.१५ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. मालिका 'स्थिर' म्हणवली जाणारी. पण डिस्क अनमाउंट करताना तिच्यावरील फाइलींच्या नोंदीच बिघडू लागल्या. काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली. स्थिर मालिकेत हे घडले कसे?

२/ कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा. १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनुस टोरवाल्ड्स याने तो लिहायला घेतला. पुढे जगभरातून लोक 'पॅच' पाठवू लागले : कोणत्या ओळी काढायच्या, कोणत्या घालायच्या, याची यादी. काय स्वीकारायचे, हे अखेर एकच माणूस ठरवी.

३/ आवृत्त्यांचा संकेत सोपा होता. दुसरा आकडा सम असेल तर मालिका स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. २.४.० जानेवारी २००१ मध्ये आली, प्रयोगासाठीची २.५ मात्र थेट नोव्हेंबरात उघडली. मधल्या दहा महिन्यांत नव्या कामाला हक्काची जागाच नव्हती. ते स्थिर मालिकेत झिरपू लागले.

४/ सप्टेंबरात २.४.१० मध्ये स्मृती-व्यवस्थापनाची यंत्रणाच बदलली गेली. रिक व्हान रीलची रचना गेली, आंद्रेआ आर्कांजेलीची आली. जुनीविषयी तक्रारी होत्या, हे खरे. पण चालत्या घराचा पाया बदलावा, तसा हा प्रकार होता. ॲलन कॉक्स यांनी आपल्या वेगळ्या प्रतीत जुनी रचना काही काळ तशीच ठेवली. ऑक्टोबरातील २.४.११ तर इतकी सदोष निघाली, की संग्रहात तिच्या नावापुढे 'डोन्टयूज', म्हणजे 'वापरू नका', असे जोडले गेले.

५/ २.४.१५ नंतर ही मालिका ब्राझीलच्या मार्सेलो तोसाती याच्याकडे सोपवली गेली. वय अवघे अठरा! त्याच्या काळात अंतिम आवृत्तीआधी 'आरसी', म्हणजे प्रकाशनाची उमेदवार आवृत्ती, तपासणीसाठी देण्याची रीत या मालिकेत रुजली.

६/ पण दुखणे पुरते गेले नव्हते. पुढची स्थिर आवृत्ती, २.६.०, डिसेंबर २००३ मध्ये आली. जवळजवळ तीन वर्षांनी. तोवर ग्राहक थांबणार कसे? रेड हॅटसारख्या कंपन्यांनी २.५ मधील सोयी आपापल्या २.४ मध्ये उतरवल्या. नाव एक, कर्नल अनेक.

७/ २००४ मध्ये ठरले : २.७ उघडायचीच नाही. एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी बदलांची नोंद ठेवणारे 'गिट' घडवले, आणि त्याच वर्षी नवी शिस्त आली. दोन आठवडे दार उघडे, त्यात नवे काम घ्यायचे. मग दार बंद. पुढे साधारण दर आठवड्याला एक आरसी, आणि त्यात केवळ दुरुस्त्या. आज नवी आवृत्ती सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी येते.

८/ ही शिस्त टिकली ती केवळ कडकपणामुळे नव्हे. गावाला दिवसातून एकच एसटी असेल, तर माणसे दाराला लोंबकळतात. तासाभरात दुसरी येणार असेल, तर निमूट थांबतात. चुकलेल्या पॅचला तीन वर्षांऐवजी दोन-अडीच महिनेच थांबावे लागणार, हे कळल्यावर घुसखोरीची गरज ओसरली. नियम पाळण्याजोगा झाला, म्हणून पाळला गेला.

९/ तरीही पेच संपलेला नाही. २०२५ मध्ये दुरुस्तीचा काळ चालू असताना बीकॅशएफएस या फाइल प्रणालीत, गमावलेली माहिती परत मिळवण्याची नवी सोय पाठवली गेली. ती घेतली गेली, पण आधीपासून धुमसणारा वाद चिघळला, ६.१८ मध्ये ती फाइल प्रणालीच कर्नलमधून वगळण्यात आली. एका बाजूला अडचणीतला वापरकर्ता, दुसऱ्या बाजूला उशिरा आलेल्या बदलाने अडचणीत येऊ शकणारे असंख्य वापरकर्ते. २००१ च्या नोव्हेंबरात ज्यांच्या फाइली गेल्या, त्यांना या दुसऱ्या बाजूचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.