बारामती-इंदापूरकडील कुळशोधाचीं साधनें

आपल्या कुळाचा मागोवा घेणारे पुष्कळ जिज्ञासू प्रथम जुन्या खानेसुमारीकडे वळतात. मुंबई इलाख्यांत १८७२ सालीं खानेसुमारी झाली खरी. परंतु छापून राहिले ते आंकडे, माणसांचीं नांवें नव्हेत. वसईकडील अगर गोमंतकांतील ख्रिस्ती कुटुंबांस चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी उपयोगीं पडतात. बारामती-इंदापूरकडील बहुतेक घराण्यांस तो आधार नाहीं.

म्हणून या भागांत शोधास जमिनीपासून आरंभ करावा, असें आम्हांस वाटतें. गोल्डस्मिड व विंगेट यांची सर्व्हेपद्धति १८३६ च्या सुमारास प्रथम इंदापूर तालुक्यांतच लागू झाली. तिच्या कागदांत शेताचा नंबर, आकार व खातेदार यांची सांगड सांपडते. त्यापूर्वींच्या काळासाठीं पुण्याचें पेशवे दफ्तर पाहावें. वतनाच्या तंट्यांत वादी आपली वंशावळ सांगे. मात्र ती दाव्यासाठीं सांगितलेली असल्यानें प्रतिवादीच्या करिन्याशीं ताडून पाहिली पाहिजे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या हें तिसरें साधन होय.

२०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधार्थ न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मोडींतील एका शब्दाचें मोल घरोघर कळलें. परंतु ज्यांस वतन नव्हतें आणि शेतहि नव्हतें, त्यांच्या पूर्वजांचीं नांवें वरील कागदांत विरळाच. गांवच्या जन्ममृत्यूच्या वह्या व शाळांचीं जनरल रजिस्टरें हाच त्यांचा मुख्य आधार. वाळवीपासून तीं प्रथम वांचविलीं पाहिजेत. कारण तेथें हरवलेलें नांव दुसऱ्या दफ्तरांत सहसा सांपडावयाचें नाहीं.