जुन्या रेसिंग सायकलला नवे हँडल, नवे गिअर

जुन्या पोलादी रेसिंग सायकलींत गिअरच्या खुंट्या चौकटीच्या तिरक्या नळीवर असत. गिअर बदलताना हँडलवरचा एक हात काढावा लागे. १९९० साली शिमानोने आणि १९९२ साली कँपान्योलोने ब्रेक व गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले.

जुन्या सायकलीवर असे लिव्हर बसवण्यापूर्वी मापे तपासावीत. जुन्या हँडलचा मधला व्यास बहुधा २६ किंवा २६.४ मिलिमीटर, तर आजच्या अनेक हँडलांचा ३१.८ असतो. २२.२ मिलिमीटरच्या जुन्या स्टेमऐवजी अडॅप्टर घालून नवा स्टेम लावता येतो. मात्र अडॅप्टरवरील किमान खोलीची खूण नळीच्या आत गेलीच पाहिजे. अन्यथा धावत्या सायकलीचे हँडल निखळू शकते.

मागच्या चाकासाठी सहा-सात गिअरांच्या सायकलीत बहुधा १२६ मिलिमीटर जागा असते. आठ व अधिक गिअरांना १३० लागते. पोलादी चौकट जाणकार कारागीर रुंदावू शकतो. ॲल्युमिनियम वा कार्बनची रुंदावू नये. खुंट्यांच्या जागी तारेचे थांबे बसवावेत. लिव्हर जितकी तार ओढतो, ती ओढ डिरेलरशी आणि ब्रेकशी जुळावी. न जुळल्यास गिअर अडखळतात, ब्रेक दगा देतात. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.