परसाकडून परसबागेकडे

जुने वैद्य नाडी पाहून झाली की विचारत, “परसाकडे साफ होतंय ना?” लहानपणापासून ऐकलेला हा प्रश्न. पण दोडक्याचा वेल मांडवावर चढवताना एक दिवस एकदम उमगलं, की ‘परसाकडे’मधलं परस आणि परसबागेतलं परस एकच आहे. शौचाला जाणं आणि भाजी पिकवणं, दोन्हींना नाव मिळालं ते घरामागच्या त्या एकाच जागेवरून.

यातली ‘बाग’ फारसीतून आली, तिच्याबद्दल तंटा नाही. तंटा परसाचा. ‘पार्श्व’ म्हणजे बाजू, त्यावरून परस, असं पटकन सुचतं. मला ते पटत नाही. प्राकृतातून येताना ‘पार्श्व’चा ‘र’ गेला आणि मराठीत ‘पाशी’ उरलं. परसात तो ‘र’ ठणठणीत आहे. शिवाय परसदार घराच्या बाजूला नसतं, मागे असतं. माझा कौल ‘परिसर’ला. घराभोवतालची जागा ती परिसर. मधला इकार झिजला आणि परस झालं. मग शेवटचा ‘र’ कुठे गेला? माझ्या मते ‘परसदार’सारख्या जोडशब्दात तो जिभेला जड झाला आणि तिथेच गळला. हा दुवा कच्चा आहे, हे मान्य. तरी ‘पार्श्व’पेक्षा तो मला जवळचा वाटतो.

इंग्रजांनी अशा बागेला स्वयंपाकघराचं नाव दिलं, म्हणजे भाजी जाते कुठे ते सांगितलं. मराठीनं ती येते कुठून ते सांगितलं. मोरीचं पाणी अळूला आणि केळीला, चुलीची राख वेलांना, खरकटं नि शेण उकिरड्यात. विकतचं काही नाही.

राहिला मैला. ते ओझं समाजानं एका जातीच्या डोक्यावर ठेवलं, आणि इथेच कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन उभे राहिले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात, ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जाणारं सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात अन्न सोडलं. पुढे 1948 साली कणकवलीला अप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम काढला. तिथल्या ‘गोपुरी संडासा’त मैल्यावर माती नि पालापाचोळा पडे, आणि कुजून मुरल्यावर त्याचं सोनखत होई. कुणी डोक्यावरून काही वाहायचं नाही. ‘परसाकडे’ आणि ‘परसबाग’ हे दोन शब्द तिथे पुन्हा एका खड्ड्यात भेटले, असं मी मानतो.

आज गच्चीवर कुंडीत मेथी लावणारे आपण ‘परसबाग’ हाच शब्द वापरतो, परस उरलेलं नसतानाही. तुमच्या घरात ‘परसाकडे’ म्हणणारं कुणी अजून असेल, तर त्यांच्या परसात काय काय लावलेलं होतं आणि कोणतं पाणी कुठे सोडत, ते यंदाच्या पावसाळ्याआधी विचारून लिहून ठेवा.