राहुरीचे १९७२ : दुष्काळ, धरण आणि विद्यापीठ

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात १९७२ हे साल 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणूनच ओळखले जाते. राहुरीच्या इतिहासात मात्र या वर्षाला आणखी दोन पदर आहेत. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याचाही त्यांच्याशी निकटचा संबंध आहे.

पहिला पदर विद्यापीठाचा. राज्यातील पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले व त्याचे मुख्यालय राहुरीला आले. त्या वेळी संपूर्ण महाराष्ट्र त्याच्या कार्यक्षेत्रात होता. १९६९ मध्ये विदर्भासाठी अकोल्याचे विद्यापीठ वेगळे झाले. १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली येथे स्वतंत्र विद्यापीठे स्थापन झाली. परिणामी राहुरीकडे पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश हा भाग राहिला. पुढे या विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले.

दुसरा पदर मुळा धरणाचा. बारागाव नांदूर येथील या धरणाचे काम याच सुमारास पूर्णत्वास गेले. सुमारे २६ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात राहुरी, नेवासा, शेवगाव आणि पाथर्डी तालुक्यांतील गावे येतात. पाथर्डीचा भाग कालव्याच्या शेवटाकडे आहे. गर्भगिरीच्या डोंगरपट्ट्यातील गावांपर्यंत तर हे पाणी पोहोचतच नाही.

त्याच वर्षी पावसाने दगा दिला. आधीची दोन वर्षेही तुटीची गेली होती. गावोगावी दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध व पाझर तलावांच्या कामांवर शेतकरी कुटुंबे मजूर म्हणून राबली. सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांवर अनेकांनी दिवस काढले. 'बहात्तरला धान्याचा दुष्काळ होता, पाण्याचा नव्हता' असे जुनी मंडळी आजही सांगतात. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर राबवली गेली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, तर २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यामागे याच योजनेचा अनुभव होता.

कालव्याच्या पाण्याने राहुरी-नेवासा पट्ट्यात ऊस वाढला. पाथर्डीतील हजारो हात मात्र दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन परमुलखातील फडांकडे निघतात. एकाच जिल्ह्यातील हे अंतर केवळ धरणाने मिटले नाही.

म्हणूनच विद्यापीठाच्या कोरडवाहू संशोधनाचे महत्त्व मोठे आहे. सोलापूर आणि मोहोळ येथील जुनी संशोधन केंद्रे या विद्यापीठाच्या अखत्यारीत आली. रब्बी ज्वारीचा 'मालदांडी ३५-१' हा वाण मोहोळचाच असून, जिरायत शेतकऱ्यांनी तो अनेक दशके जपला आहे. 'फुले' नाव धारण करणारे ज्वारीचे नवे वाणही विद्यापीठाने दिले आहेत. जिथे कालवा पोहोचत नाही, तिथे बियाणे, मृद्‌संधारण आणि पाझर तलाव हाच आधार उरतो. बहात्तरने जिल्ह्याला शिकवलेला हा धडा पाथर्डीत दर उन्हाळ्यात नव्याने आठवतो.