टेम्पो, छोटा हत्ती आणि पुढे?

आमच्या धाराशिवकडे मागे हौदा असलेली कुठलीही लहान गाडी म्हणजे टेम्पो. गंमत म्हणजे टेम्पो हे मुळात एका जर्मन गाडीचं नाव! १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पोने ती तीनचाकी इथे बनवायला घेतली. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. आपण मात्र टेम्पोच म्हणत राहिलो :)

त्याच वर्षी मे महिन्यात टाटांची एस आली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल इंजिन, पाऊण टन माल आणि मुख्य म्हणजे चार चाकं. लोकांनी तिला छोटा हत्ती केलं आणि तीनचाकीवाले चारचाकीचे मालक झाले.

आता जून २०२५ मधली एस प्रो बघा. माल तोच पाऊण टन, पण पर्याय पेट्रोल, सीएनजी आणि बॅटरी. बॅटरीवालीची कंपनीने सांगितलेली मजल १५५ किलोमीटर. म्हणजे सोलापूरला भाजी टाकून परत येणं कसंबसं जमेल, पुण्याचं नाव नको.

पुढे अशीच कामागणिक वेगळी मॉडेलं येणार, असं मला वाटतं. दहा गाड्यांच्या मालकाला ते सोयीचंच. पण आपल्याकडे हप्त्यावर घेतलेली एकच गाडी रोज दूध नेते, सुगीत सोयाबीन आणि लग्नसराईत मांडवाचं सामान. त्याने कोणतं मॉडेल घ्यायचं?

ही सगळी कामं जी ओढेल, तिलाच लोक पुढचं नाव देतील. असो. तुमच्याकडे काय म्हणतात हो पिकअपला?