प्रभात पुण्यात होती, मग सिनेमा मुंबईचा कसा झाला?

मागच्या महिन्यात माझ्या रूममेटने पुण्यातली खोली सोडली. तो साउंड एडिटर. मी म्हटलं, "अरे, लॅपटॉपवरचं काम ना? मग इथूनच कर की!" तो म्हणाला, "काम लॅपटॉपवर होतं रे, पण मिळतं चहाच्या टपरीवर." आणि गेला अंधेरीला.

मला काही पटलं नाही. मी रोज ऑफिसला जातो ते एफटीआयआयच्या गेटवरून. तिथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. १९३६ चा 'संत तुकाराम' तर थेट व्हेनिसला गाजला. म्हणजे माणसं होती, जागा होती, यंत्रं होती. मग पुणं का नाही?

मुंबईकडे बंदर होतं, कापसाच्या व्यापारातला पैसा होता, पारशी नाटक कंपन्या होत्या. हे आपण शाळेपासून ऐकतो. पण मला खरं उत्तर सापडलं ते कंपन्या फुटल्या तेव्हाच्या गोष्टीत.

१९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. पुढचा स्टुडिओ त्यांनी कुठे काढला? परळला, राजकमल! दुसरीकडे मालाडची बॉम्बे टॉकीज. हिमांशू राय १९४० मध्ये गेले, कंपनीत दोन गट पडले आणि १९४३ मध्ये एका गटाने फिल्मिस्तान काढलं. कुठे? गोरेगावला. म्हणजे लोकलचं एक स्टेशन अलीकडे!

फरक कळला? प्रभात फुटली तेव्हा पुण्यातून माणूस गेला. बॉम्बे टॉकीज फुटली तेव्हा मुंबईत आणखी एक स्टुडिओ उभा राहिला. देव आनंद आणि गुरुदत्त यांची मैत्री प्रभातमध्ये जमली, पण दोघांचा 'बाजी' १९५१ मध्ये झाला तो मुंबईत.

आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एक सर्व्हर कितीही भारी असू दे, तो बसला की सगळं बसतं. पुण्याकडे प्रभातसारखा भारी सर्व्हर होता. मुंबईकडे अख्खं नेटवर्क होतं.

परवा रूममेटचा फोन आला. हातातलं काम अचानक बंद पडलं होतं. मी धीर द्यायला लागलो, तर म्हणतो, "सोमवारपासून दुसरीकडे चाललोय. खालच्याच मजल्यावर."

तुमच्या गावातून असं कोण गेलं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!